शाळेच्या वेळेत चित्रपट

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्या 'द फोर हंड्रेड ब्लोज' (१९५९) या चित्रपटाचा बालनायक आंत्वान दुआनेल शाळा बुडवून चित्रपटगृहात शिरतो. गैरहजेरीचे कारण विचारले असता आई वारली अशी थाप ठोकून देतो आणि ती उघडकीस येताच वर्गातच वडिलांच्या हातची थप्पड खातो. त्रुफो यांच्या स्वतःच्या बालपणाचा मोठा अंश या कथेत उतरला आहे. त्याच फ्रान्समध्ये आज आंत्वानच्या वयाच्या मुलांना शाळेच्याच वेळेत, शिक्षकांच्या सोबतीने गावातल्या चित्रपटगृहात नेले जाते आणि तेथे दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या यादीत आंत्वानची ही कहाणीही असते. एके काळी जी गोष्ट शिक्षेस पात्र होती, ती अभ्यासक्रमाच्या शेजारी मानाने येऊन बसली. मात्र हा प्रवास सरळ झालेला नाही. चित्रपट शाळेत आणायचा तो कशासाठी, धडा शिकवण्यासाठी की चित्रपट पाहायला शिकवण्यासाठी, हा वाद त्याच्या मुळाशी आहे. तो फ्रान्समध्ये पुरता मिटलेला नाही आणि आपल्याकडे तर तो अजून नीट सुरूही झालेला नाही.

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी चित्रपटांचे खेळ आणि त्यांना जोडून कार्यशाळा, असे या उपक्रमांचे सर्वसाधारण स्वरूप असते. इयत्ता सहावी-सातवीपासून दहावीपर्यंतचे, म्हणजे साधारण अकरा ते सोळा वर्षे वयाचे विद्यार्थी यांत सहभागी होतात. या वयाची निवड सकारण आहे. याहून लहान मूल गोष्टीत रमते आणि याहून मोठ्याची आवडनिवड बहुधा ठरून गेलेली असते. बालपट आता आपल्यासाठी नाहीत, असे वाटू लागलेल्या आणि प्रौढांच्या चित्रपटांत अद्याप पुरता प्रवेश नसलेल्या या मधल्या वयाकडे चित्रपटसृष्टीचे जगभर दुर्लक्षच झाले आहे.

फ्रान्सची वाट

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये चित्रपट मंडळांची मोठी लाट आली. समीक्षक आंद्रे बाझाँ हे कामगारांच्या संघटनांतून आणि विद्यार्थ्यांच्या मंडळांतून चित्रपट दाखवीत आणि त्यानंतर चर्चा घडवून आणीत. शाळेशी कधीच न जमलेल्या त्रुफो यांना सावरले ते याच बाझाँ यांनी. 'द फोर हंड्रेड ब्लोज' त्यांच्याच स्मृतीस अर्पण केलेला आहे. चित्रपट मंडळांत रुजलेली ही सवय शासनाच्या योजनेत उतरायला मात्र १९८९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तेथील राष्ट्रीय चित्रपट केंद्राने सांस्कृतिक व शिक्षण मंत्रालयांच्या साहाय्याने 'कॉलेज ओ सिनेमा' ही योजना सुरू केली. फ्रेंच शिक्षणपद्धतीत 'कॉलेज' म्हणजे महाविद्यालय नव्हे, तर अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची माध्यमिक शाळा. पुढे १९९४ मध्ये प्राथमिक शाळांसाठी 'एकोल ए सिनेमा' ही योजना आली आणि नव्वदच्याच दशकात उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी तिसरी. अलीकडे या साऱ्या योजना 'माझा वर्ग चित्रपटगृहात' अशा अर्थाच्या एका नावाखाली आणण्यात आल्या आहेत.

योजनेची रीत साधी आहे. भाग घ्यायचा की नाही, हे शिक्षकाने स्वतः ठरवायचे, सक्ती नाही. भाग घेणाऱ्या वर्गाने वर्षभरात तीन चित्रपट पाहायचे. सर्वसाधारणपणे दर सत्राला एक. चित्रपट आधी शिक्षकांना दाखवले जातात, त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचे दिवस ठरलेले असतात. शिक्षकासाठी सविस्तर टिपणांची पुस्तिका आणि विद्यार्थ्यासाठी लहानशी घडीपत्रिका विनामूल्य मिळते. परदेशी चित्रपट शक्यतो मूळ भाषेतच, उपशीर्षकांसह दाखवले जातात. तिकीट नाममात्र, अडीच युरोच्या आसपास असते. मुलांना चित्रपटगृहापर्यंत नेण्या-आणण्याचा खर्च अनेक ठिकाणी जिल्हा पातळीवरील परिषदा उचलतात.

येथे दोन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे खेळ शाळेच्या सभागृहात नव्हे, तर खऱ्या चित्रपटगृहात होतो. अंधार, मोठा पडदा, आणि आपल्यासारख्याच अनोळखी शंभर जणांबरोबर एकाच वेळी हसणे वा गप्प होणे, हा अनुभव शिक्षणाचाच भाग मानला गेला. सकाळी रिकामी पडणारी छोट्या गावांतील चित्रपटगृहे त्यामुळे जगली, हा व्यवहारही त्यामागे होताच. दुसरी बाब पैशाची. फ्रान्समध्ये चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर सुमारे पावणेअकरा टक्के कर आकारला जातो आणि तो सरकारी तिजोरीत विरून न जाता राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे येतो. त्यातून चित्रपटनिर्मितीला, चित्रपटगृहांना आणि या शालेय योजनांनाही पाठबळ मिळते. आजच्या प्रेक्षकाच्या खिशातून उद्याचा प्रेक्षक घडवायचा, असा हा हिशेब आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत चित्रपटाच्या तिकिटावर भारी करमणूक कर होता. तो माफ झाला की 'करमुक्त' अशी पाटी लागे आणि शाळांच्या रांगा चित्रपटगृहाकडे वळत. आपल्याकडील शालेय चित्रपटदर्शनाचा संबंध कराशी आला तो एवढाच.

बेर्गाला यांचा आक्षेप

या साऱ्या व्यवस्थेला विचारांची बैठक दिली ती आलँ बेर्गाला यांनी. 'काइए द्यु सिनेमा' या ख्यातनाम नियतकालिकाचे समीक्षक, गोदार आणि किआरोस्तामी यांचे अभ्यासक आणि अनेक वर्षांचे अध्यापक असलेल्या बेर्गाला यांना २००० साली तत्कालीन शिक्षणमंत्री जाक लाँग यांनी सल्लागार म्हणून पाचारण केले. शाळांमध्ये कलाशिक्षणाचा विस्तार करण्याच्या पंचवार्षिक योजनेतील चित्रपटविषयक भाग त्यांच्याकडे होता. २००२ मध्ये सत्तांतर झाले आणि योजना आक्रसली. मात्र त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले बेर्गाला यांचे 'ल'इपोतेझ सिनेमा' हे पुस्तक या विषयातील मूलभूत ग्रंथ म्हणून मान्यता पावले आहे.

बेर्गाला यांचा पहिला आक्षेप 'चांगल्या विषया'च्या चित्रपटांवर आहे. शाळेला चित्रपट हवा असतो तो बहुधा एखाद्या विषयाची चर्चा घडवण्यासाठी: व्यसनमुक्ती, पर्यावरण, वर्णद्वेष, थोरांची चरित्रे. मग चित्रपट कसा आहे, यापेक्षा तो कशाबद्दल आहे, यालाच महत्त्व येते. विषय थोर आणि चित्रपट सुमार, अशी जोडी शाळेत सर्रास खपून जाते. असा चित्रपट पाहून मुलाच्या मनात उरते ती आधीच पाठ्यपुस्तकात वाचलेली गोष्ट. दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाला आहे. चित्रपट हे मुलांना भुलवणारे माध्यम आहे, तेव्हा त्यांना त्याच्यापासून सावध करायचे, जाहिरातींची चिरफाड करावी तशी चित्रपटाची करायची, या दृष्टिकोनातही कलेला जागा राहत नाही. बेर्गाला यांच्या मते कला शिकवता येत नाही. तिची गाठ घालून देता येते. आणि ज्या घरांत पुस्तके नाहीत, जेथे चित्रपट म्हणजे दूरचित्रवाणीवर चालू असेल ते, अशा घरांतील मुलांची ही गाठ पडण्याची शक्यता शाळेखेरीज अन्यत्र जवळपास नसते. म्हणून शिक्षकाने आपली आवड पणाला लावून मुलाला पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचे काम करावे, अशी त्यांची मांडणी आहे.

ही मांडणी सर्वांनाच पटली असे नाही. 'चांगला चित्रपट' कोणी ठरवायचा, हा प्रश्न उरतोच. मुलांना आवडणाऱ्या लोकप्रिय चित्रपटांना तुच्छ लेखण्याचा धोकाही त्यात आहे. जर्मनीने २००३ मध्ये शाळांसाठी पस्तीस चित्रपटांची प्रमाणभूत यादीच जाहीर केली, तेव्हा तिच्यावरही अशीच टीका झाली. ब्रिटनमध्ये दिग्दर्शिका बीबन किडरॉन आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या 'फिल्मक्लब' या उपक्रमाने वेगळी वाट धरली. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या या मंडळांत चित्रपटांची निवड पुष्कळशी विद्यार्थ्यांवरच सोपवलेली असे. २०१३ पासून हे काम 'इन्टु फिल्म' या संस्थेकडे गेले आहे.

एका मिनिटाची कार्यशाळा

चित्रपट पाहण्याला करण्याची जोड द्यावी, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य झाले आहे. मात्र 'कार्यशाळा' या नावाखाली पुष्कळदा घडते ते असे: मुलांचे गट पाडले जातात, घाईघाईने एक कथा लिहिली जाते (तिच्यात बहुधा एक वाया गेलेला मुलगा सुधारतो), प्रशिक्षक कॅमेरा हाताळतात, संकलनही तेच करतात आणि शेवटच्या दिवशी टाळ्यांच्या गजरात लघुपट दाखवला जातो. पालक खूश होतात. मुले मात्र प्रेक्षकाची होती तेथून फारशी हललेली नसतात.

पॅरिसमधील 'सिनेमातेक फ्राँसेज' या चित्रपटसंग्रहालयाने चित्रपटाच्या शताब्दीच्या निमित्ताने १९९५ च्या सुमारास 'सिनेमा, शंभर वर्षांचे तारुण्य' अशा अर्थाच्या नावाने सुरू केलेला उपक्रम या बाबतीत आदर्श मानला जातो. पुढे स्पेन, पोर्तुगाल, ब्रिटन आणि इतर अनेक देशांतील शाळा त्यात सामील झाल्या. दरवर्षी चित्रपटभाषेतील एकच प्रश्न निवडला जातो. एखादे वर्ष सलग चित्रणाचे, एखादे ऋतुमानाचे, एखादे कथेत शिरणाऱ्या वास्तवाचे. वर्षभर सर्व देशांतील मुले त्याच प्रश्नाभोवतीचे चित्रपटांचे तुकडे पाहतात, तेच सराव करतात आणि अखेरीस प्रत्येक वर्ग सुमारे आठ-दहा मिनिटांचा लघुपट करतो. हे लघुपट जून महिन्यात पॅरिसला एकत्र दाखवले जातात.

त्यातील पहिला सराव सर्वांत सोपा भासतो आणि सर्वांत अवघड ठरतो. त्याला 'ल्युमिएरचे मिनिट' म्हणतात. ल्युमिएर बंधूंच्या कॅमेऱ्यात सतरा मीटरच्या आसपास फीत मावत असे. तेवढ्यात पन्नास सेकंदांहून जरा कमी-अधिक चित्रण होई. कॅमेरा एका जागी ठेवायचा, दांडा फिरवायचा आणि फीत संपली की चित्रपट संपला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया मोजून आलेल्या प्रेक्षकांनी पाहिले ते असेच मिनिटभराचे तुकडे: स्थानकात येणारी आगगाडी, पाडली जाणारी भिंत, समुद्रस्नान, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार. कार्यशाळेतील मुलांनाही तीच बंधने घातली जातात. कॅमेरा हलवायचा नाही, दृश्य जवळ ओढायचे नाही, कापायचे नाही, संगीत जोडायचे नाही. प्रत्येकाला एकच संधी आणि एकच मिनिट.

बंधने एवढी कडक झाली की निवड उरते ती तीनच गोष्टींची: कॅमेरा कोठे ठेवायचा, कोणत्या क्षणी सुरू करायचा आणि चौकटीच्या बाहेर काय सोडायचे. एसटी स्थानकाचा फलाट घेतला तर गाडी चौकटीत शिरण्याआधी किती वेळ रिकामी जागा दाखवायची? पिठाच्या गिरणीत कॅमेरा ठेवला तर गिरणीवाल्याचे हात दाखवायचे की रांगेत डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे? जे दिसत नाही ते आवाजातून येऊ द्यायचे का? चौदा वर्षांची मुले या प्रश्नांवर हमरीतुमरीवर येतात. मग दिग्दर्शन म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. मिनिट चालू असताना चौकटीत अचानक कुत्रे शिरले, कोणी कॅमेऱ्याकडे पाहून हसले, तर तो दोष की भाग्य, यावर पुन्हा वाद होतो. वर्गात असे वीस तुकडे सलग दाखवले की कोणते मिनिट लांबले आणि कोणते झरकन संपले, हे मुले आपणहून सांगू लागतात. घड्याळाचा वेळ आणि पडद्यावरचा वेळ एक नव्हे, हा चित्रपटकलेतील पायाचा धडा व्याख्यानाशिवाय पदरात पडतो.

दुसरा सराव तुलनेचा. एकच क्रिया घ्यायची आणि निरनिराळ्या चित्रपटांत ती कशी आली आहे ते पाहायचे. उदाहरणार्थ, मुलाचे धावणे. 'द फोर हंड्रेड ब्लोज'च्या अखेरीस सुधारगृहातून निसटलेला आंत्वान समुद्रापर्यंत धावत जातो. कॅमेरा त्याच्या बरोबरीने, न थकता धावतो आणि शेवटी त्याचा चेहरा एका स्थिरचित्रात गोठतो. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) अपू आणि दुर्गा पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून आगगाडी पाहायला धावतात आणि गाडी येते तेव्हा कॅमेरा रुळांच्या पलीकडे गेलेला असतो, त्यामुळे चाकांच्या आडून अपू तुटकतुटक दिसतो. अब्बास किआरोस्तामी यांच्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' (१९८७) मध्ये चुकून मित्राची वही घरी आणलेला छोटा अहमद ती परत करण्यासाठी टेकडीवरच्या नागमोडी वाटेने धावत सुटतो. येथे कॅमेरा दूर उभा राहून ती वाट संपेपर्यंत पाहत राहतो. आणि नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्या धावतो तो डुकरामागे, शाळेतल्या सोबत्यांच्या डोळ्यांदेखत. मध्येच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि डुक्कर सोडून सर्वांना जागच्या जागी उभे राहावे लागते. चार मुले, चार धावा. कॅमेरा बरोबर धावतो, पलीकडे थांबतो, दूर उभा राहतो की गर्दीच्या बाजूने पाहतो, एवढ्या एका फरकातून प्रत्येक दिग्दर्शकाची त्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी उलगडते. या चार तुकड्यांना मिळून वीस मिनिटेही लागत नाहीत, म्हणजे शाळेच्या एका तासात चर्चेसह हे बसते.

आपल्याकडे

भारतात या कल्पनेचा अभाव कधीच नव्हता. दादासाहेब फाळके यांनी कथापट काढण्याआधी कुंडीतील वाटाण्याच्या वेलाची वाढ टिपली होती आणि १९१७ मध्ये तर चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा लघुपटच त्यांनी काढला. चित्रपटशिक्षणाचे आपले पहिले साधन खुद्द फाळक्यांनी करून ठेवले आहे. त्याचे अवशिष्ट भाग आजही पाहायला मिळतात, पण शाळांच्या वाट्याला ते क्वचित येतात.

पंडित नेहरूंच्या पुढाकाराने १९५५ मध्ये बालचित्र समितीची स्थापना झाली. पंडित हृदयनाथ कुंझरू हे तिचे पहिले अध्यक्ष. किदार शर्मा यांचा 'जलदीप' हा तिचा पहिला चित्रपट. श्याम बेनेगल यांच्या 'चरणदास चोर'सह (१९७५) अनेक उत्तम चित्रपट समितीने दिले, १९७९ पासून आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव भरवला, जिल्ह्याजिल्ह्यांत सकाळचे खेळ लावून शाळकरी मुलांना चित्रपट दाखवले. तरीही समितीचे चित्रपट तयार होतात आणि डब्यात राहतात, ही तक्रार तिच्या जन्मापासून तिला चिकटली. २०१२ साली 'गट्टू' प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटगृहांत रीतसर व्यावसायिक प्रदर्शन लाभलेला समितीचा पहिला चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. स्थापनेनंतर तोवर ५७ वर्षे लोटली होती. २०२२ मध्ये समितीचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. मुलांसाठी चित्रपट काढणे म्हणजेच मुलांचे चित्रपटशिक्षण, अशी समजूत या साऱ्या काळात होती. दाखवणारा शिक्षक घडवण्याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

वास्तविक तसा शिक्षक घडवण्याची सोय पुण्यात होती. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. प्रा. सतीश बहादूर १९६३ पासून इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-रसास्वाद हा विषय शिकवू लागले. 'पथेर पांचाली'चे एकेक दृश्य उलगडून दाखवणारी त्यांची व्याख्याने ऐकलेल्यांच्या कायम स्मरणात राहिली. सत्तरच्या दशकापासून इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय मिळून दर उन्हाळ्यात रसास्वादाचा महिनाभराचा अभ्यासवर्ग घेऊ लागले आणि प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर, गृहिणी अशा कित्येकांनी तो केला. संग्रहालयाचे संस्थापक अभिरक्षक पी. के. नायर सोळा मिलिमीटरच्या प्रती घेऊन गावोगाव जात. कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम'ने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चित्रपट दाखवले, तेव्हा 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'राशोमान' सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या प्रेक्षकांनी समजून घेऊन पाहिले. अवघड चित्रपट सामान्य प्रेक्षकाला झेपत नाही, हा समज तेथे खोटा ठरला. मग नववीच्या मुलांना तो झेपणार नाही, असे मानण्याला आधार कोणता?

मराठी चित्रपट तर या वयाच्या मुलांनी भरलेला आहे. 'श्यामची आई'ला (१९५३) पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, तेव्हापासून शाळा आणि मराठी चित्रपट यांचे नाते जुळले. पण ते संस्कारांपुरते राहिले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ'मधील (२००२) 'वाया गेलेली' तुकडी, मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या', उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' हा लघुपट आणि त्यांचाच 'विहीर', सुजय डहाके यांनी मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून केलेला 'शाळा', 'फँड्री', अविनाश अरुण यांचा 'किल्ला', परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी': दोन दशकांतील एवढे चित्रपट फ्रान्समधल्या कोणत्याही शालेय यादीत शोभले असते. त्यांची टिपणे, शिक्षकांसाठी पुस्तिका, घडीपत्रिका असे काही शासकीय पातळीवर तयार झालेले नाही.

'फँड्री' नववीच्या वर्गाला दाखवायचा का, या एका प्रश्नात या क्षेत्रातील सारी अडचण सामावली आहे. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. चित्रपटगृहात तो सर्वांच्या अंगावर येतो. वर्गात मात्र बाकांवर जब्याही बसलेला असतो आणि त्याला हिणवणारेही. दिवे लागताच सगळ्यांच्या नजरा एकाच विद्यार्थ्याकडे वळल्या, तर दाखवणाऱ्याने चित्रपटाचा आणि त्या मुलाचाही घात केला असे होईल. म्हणून अशा वेळी चर्चेची सुरुवात जातीच्या प्रश्नावरून न करता कॅमेऱ्यावरून करावी, असे अनुभवी प्रशिक्षक सुचवतात: शेवटचे दृश्य कोणाच्या जागेवरून चित्रित केले आहे, दगड येतो तेव्हा आपण कोठे उभे असतो? चित्रपट कसा आहे, याचे उत्तर शोधत गेलेला वर्ग तो कशाबद्दल आहे, येथे पोहोचतोच. फक्त तेथे कोणाला एकट्याने उभे राहावे लागत नाही. आणि हे साधणार नसेल, शिक्षकाची तेवढी तयारी नसेल, तर तो चित्रपट तूर्त न दाखवलेला बरा.

व्यवहाराच्या गोष्टी

शाळेत चित्रपट दाखवणे कायदेशीर आहे का, ही शंका मुख्याध्यापकांना हमखास पडते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवण्यास मुभा आहे. अट एवढीच, की प्रेक्षक त्या संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि उपक्रमाशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरतेच मर्यादित असावेत. गावासाठी दारे खुली केली की ही सवलत संपते. ओटीटी सेवेची वर्गणी घरगुती वापरासाठी घेतलेली असेल, तर तिच्या करारातील अटी निराळ्या असतात. त्या पाहून घेणे इष्ट. प्रमाणपत्राचा मुद्दाही आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' श्रेणीचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत. आठवी-नववीच्या वर्गासाठी निवड करताना हा आकडा उपयोगी पडतो.

साधनांचा प्रश्न पूर्वीइतका कठीण राहिलेला नाही. सोळा मिलिमीटरचा प्रक्षेपक भाड्याने आणण्याचे दिवस गेले. चित्रण आणि संकलन दोन्ही आज मोबाइल संचावर होते, तेव्हा कार्यशाळेचा मोठा खर्च वाचतो. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. शाळेचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा आणि चित्रपट दोन तासांचा. तो चार तुकड्यांत चार दिवस दाखवणे म्हणजे न दाखवणेच होय. ज्यांना सलग वेळ काढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी लघुपटांचा पर्याय उत्तम. इराणमध्ये मुलांच्या बौद्धिक विकासासाठी स्थापन झालेल्या 'कानून' या संस्थेने किआरोस्तामी यांच्याकडून जे लघुपट करून घेतले, त्यांतील 'टू सोल्यूशन्स फॉर वन प्रॉब्लेम' (१९७५) जेमतेम पाच मिनिटांचा आहे: फाटलेल्या वहीवरून दोन मित्रांचे भांडण आणि त्याचे दोन शेवट. नॉर्मन मॅक्लारेन यांचा 'नेबर्स' (१९५२) आठ मिनिटांचा, त्यात एकही संवाद नाही. आल्बेर लामोरिस यांचा 'द रेड बलून' (१९५६) ३४ मिनिटांचा, म्हणजे बरोबर एका तासाचा.

खोलीत पुरेसा अंधार हवा. गोधडी, जाड पडदे, काळा कागद, जे मिळेल त्याने खिडक्या झाकाव्यात. आवाज चित्राइतकाच महत्त्वाचा असल्याने संगणकाच्या स्वतःच्या ध्वनिक्षेपकावर विसंबू नये. चित्रपटाआधी सारांश सांगू नये, तात्पर्य तर मुळीच नाही. संपल्यावर लगेच प्रश्न विचारण्याची घाईही टाळावी. फ्रान्समध्ये अनेक शिक्षक पहिली चर्चा दुसऱ्या दिवसावर ढकलतात आणि सुरुवात एकाच प्रश्नाने करतात: कोणते दृश्य आठवते? फळ्यावर ती दृश्ये लिहीत गेले की दोन गोष्टी दिसतात. प्रत्येकाला वेगळे काहीतरी आठवत असते. आणि अगदी मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलाने सांगितलेली बारीक गोष्ट शिक्षकाने पाहिलेलीच नसते.